अ‍ॅलर्जी आहे आणि मांजरही हवंय? मग आधी ब्रीडची यादी बाजूला ठेवा

'अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी कोणतं मांजर चांगलं?' असं मोबाईलवर शोधलं की एक ठरलेली यादी समोर येते. सायबेरियन, बालिनीज, स्फिंक्स, डेव्हन रेक्स, कॉर्निश रेक्स, रशियन ब्लू. कधीकधी त्यात बेंगॉलही असतं. या मांजरांना 'हायपोअलर्जेनिक' म्हटलं जातं, म्हणजे अ‍ॅलर्जी कमी करणारी. त्या एका शब्दामुळे मांजराची किंमत बरीच वाढते.

घरात कुणाला शिंका येतात, कुणाचे डोळे चुरचुरतात, एखाद्या मुलाला दमा आहे आणि तरीही सगळ्यांना मांजर हवंय. अशा घरासाठी ही यादी म्हणजे मोठा दिलासा वाटतो. योग्य ब्रीड निवडलं की प्रश्न मिटला!

अडचण एवढीच आहे की अ‍ॅलर्जी अजिबात होणार नाही, असं मांजराचं एकही ब्रीड आजवर सिद्ध झालेलं नाही. आणि हे समजेपर्यंत मांजर घरात आलेलं असतं, मुलांनी त्याचं नावही ठेवलेलं असतं.

मग अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी मांजर पाळूच नये का? तसंही नाही. पण निवड करताना 'कोणतं ब्रीड' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. त्याऐवजी कोणते प्रश्न विचारायचे, ते समजून घेऊया.

दोष केसांचा नाहीच

सर्वसाधारण समज असा की मांजराच्या केसांची अ‍ॅलर्जी होते. त्यामुळे लांब केसांचं पर्शियन धोकादायक, आखूड केसांचं थोडं बरं आणि केस नसलेलं स्फिंक्स सगळ्यात सुरक्षित, असा हिशोब मांडला जातो. तो चुकीचा आहे.

मांजराच्या अ‍ॅलर्जीमागे मुख्यतः एक प्रथिन असतं. त्याचं नाव 'फेल डी १'. मांजराच्या शास्त्रीय नावातल्या 'फेलिस' या शब्दाची पहिली तीन अक्षरं, 'डोमेस्टिकस'चं पहिलं अक्षर आणि सापडलेलं पहिलं म्हणून १, असं ते नाव बनलंय. मांजराचे इतरही काही अ‍ॅलर्जन आहेत, पण मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांचं शरीर या एकाच प्रथिनावर चिडतं.

हे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तेलकट ग्रंथींमध्ये तयार होतं. गुदद्वाराजवळच्या ग्रंथींमध्येही ते असतं. मांजर दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवतं, हे तुम्ही पाहिलं असेल. चाटताना लाळ अंगभर लागते, वाळते आणि त्वचेच्या कोंड्याबरोबर बारीक कणांच्या रूपात हवेत उडते. केस हा फक्त वाहक आहे.

त्यातले काही कण इतके सूक्ष्म असतात की ते तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. धूळ खाली बसते, हे बसत नाहीत. शिवाय ते कपड्यांना चिकटतात आणि आपल्यासोबत प्रवास करतात. ज्या घरांत आणि शाळांत कधी मांजर नव्हतं, तिथल्या धुळीतही संशोधकांना फेल डी १ सापडलंय. मांजर पाळणाऱ्या मुलांच्या कपड्यांवरून ते वर्गात पोहोचतं.

अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात हे कण गेले की रोगप्रतिकारशक्तीचा गैरसमज होतो. एका निरुपद्रवी प्रथिनाला ती शत्रू समजते, त्याविरुद्ध 'आयजीई' नावाची अँटिबॉडी तयार ठेवते आणि पुढच्या वेळी संपर्क आला की हिस्टामिन सोडते. मग नाक वाहणं, डोळे लाल होणं, अंगावर गांधी उठणं आणि काहींच्या बाबतीत छातीत घरघर.

मग त्या यादीत तथ्य किती?

आता यादीतल्या एकेका नावाकडे पाहू.

सगळ्यात जास्त चर्चा स्फिंक्सची. १९६६ मध्ये कॅनडातल्या टोरोंटोमध्ये केस नसलेलं एक पिल्लू जन्माला आलं, तिथून या ब्रीडची गोष्ट सुरू होते. केस नाहीत म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, हे ऐकायला पटतं. पण त्याच्या त्वचेत तेलग्रंथी आहेत, तोंडात लाळ आहे. उलट अंगावर केस नसल्याने तेल शोषलं जात नाही आणि त्वचा चिकट होते. स्फिंक्सला साधारण आठवड्याला आंघोळ घालावी लागते, ती त्यामुळेच. एरवी बसल्या जागी उशीवर, चादरीवर तेलाचे डाग पडतात. त्या तेलात काय असतं, हे आता वेगळं सांगायला नको. शिवाय या मांजराला ऊन सोसत नाही आणि थंडीही सोसत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात ते कसं सांभाळणार, याचा विचार रील बनवणारे करत नाहीत.

डेव्हन रेक्स आणि कॉर्निश रेक्स यांचे केस आखूड, कुरळे आणि विरळ असतात. केस कमी गळतात हे खरं. सोफ्यावर केस कमी दिसतील, एवढाच त्याचा अर्थ.

बालिनीज म्हणजे लांब केसांचं सयामी. बाली बेटाशी त्याचा काही संबंध नाही, हे ब्रीड अमेरिकेत विकसित झालं. तसंही मांजरांच्या नावांवर जाऊच नये. 'बॉम्बे' नावाचं काळंभोर ब्रीड आहे, त्याचा जन्म अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला. भारतातल्या काळ्या बिबट्यासारखं दिसावं म्हणून ते तयार केलं आणि नाव मुंबईचं दिलं.

राहता राहिलं सायबेरियन. गंमत म्हणजे रशियातल्या या मांजराच्या अंगावर भरगच्च, जाड केस असतात, तरीही यादीत ते पहिलं. इथे थोडं तथ्य असू शकतं. काही सायबेरियन मांजरांच्या जनुकांमध्ये फेल डी १ शी संबंधित बदल आढळल्याचं अगदी मोजक्या मांजरांवरच्या अभ्यासात दिसलंय. पण मोजक्या मांजरांवरून संपूर्ण ब्रीडबद्दल खात्री देता येत नाही. सायबेरियन असूनही भरपूर फेल डी १ तयार करणारी मांजरं असतात.

कळीचा मुद्दा इथेच आहे. दोन ब्रीडमध्ये जेवढा फरक दिसतो, त्यापेक्षा जास्त फरक एकाच ब्रीडच्या दोन मांजरांमध्ये असू शकतो. तोही थोडाथोडका नाही, कित्येक पटींचा. आणि एकाच मांजराची पातळीसुद्धा वर्षभर सारखी राहत नाही. त्यामुळे ब्रीडचं नाव वाचून तुम्हाला त्या विशिष्ट मांजराबद्दल जवळपास काहीच कळत नाही.

रंगाबद्दलही असाच एक समज आहे, गडद रंगाची मांजरं जास्त त्रास देतात असा. त्याला ठोस आधार मिळालेला नाही.

कुत्र्यांचं काय झालं, ते आठवा

२००९ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या घरी 'बो' नावाचा कुत्रा आला. थोरली मुलगी मालिया हिला अ‍ॅलर्जी असल्याने कुटुंबाने पोर्तुगीज वॉटर डॉग हे ब्रीड निवडलं. त्यानंतर 'हायपोअलर्जेनिक डॉग' हा शब्द घराघरांत पोहोचला.

दोन वर्षांनी, २०११ मध्ये, डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी १७३ घरांतली धूळ तपासली. प्रत्येक घरात एकच कुत्रा होता. हायपोअलर्जेनिक म्हणवल्या जाणाऱ्या ब्रीडच्या घरांत अ‍ॅलर्जन कमी असेल, अशी अपेक्षा होती. फरक आढळलाच नाही.

मुळात 'हायपोअलर्जेनिक' हा शब्द डॉक्टरांचा नाहीच. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींमधून तो रूढ झाला. क्रीमच्या डबीवरून तो कुत्र्यामांजरांवर आला.

मांजरांच्या बाबतीत तर या शब्दावर एक आख्खा धंदा उभा राहिला होता. अलर्का नावाच्या अमेरिकी कंपनीने २००४ मध्ये जाहीर केलं की आम्ही जनुकीय बदल करून अ‍ॅलर्जी न देणारं मांजर तयार करणार. २००६ मध्ये सांगितलं की जनुकीय बदलाची गरजच पडली नाही, नैसर्गिकरीत्या तशी असलेली मांजरं निवडून आम्ही त्यांची पैदास करतोय. किंमत सुमारे चार हजार डॉलर्स. 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्तम शोधांच्या यादीत या मांजराला स्थान दिलं. पण दाव्याचा पुरावा असलेला अभ्यास कोणत्याही विज्ञानपत्रिकेत आला नाही आणि २०१० मध्ये कंपनीने नव्या ऑर्डर घेणं बंद केलं.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय मिळतं?

वर आलेली बहुतेक ब्रीड मुंबई-पुण्यातही सहज मिळत नाहीत. पेट शॉपमध्ये किंवा घरगुती ब्रीडरकडे मिळतात ती मुख्यतः पर्शियन. त्यातही 'डॉल फेस', 'सेमी पंच', 'पंच फेस' असे प्रकार आणि त्यानुसार वाढत जाणारे भाव. पर्शियन कोणत्याही यादीत हायपोअलर्जेनिक नाही. तरीही 'अ‍ॅलर्जी होत नाही हो, रोज ब्रश करा फक्त' असं सांगून ते विकलं जातं. कुणी 'सायबेरियन' म्हणून लांब केसांचं पिल्लू दाखवलं तर त्याच्या आईवडिलांच्या ब्रीडची नोंदणी दाखवा, असं विचारून बघा. नोंदणी नसेल तर तुम्ही जास्तीचे पैसे नेमके कशाचे देताय?

आणखी एक. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू दुकानात विकता येत नाही. पिल्लू फारच छोटं दिसत असेल तर तिथून निघालेलंच बरं.

आपल्याकडे सगळ्यात सहज मिळणारं मांजर म्हणजे देशी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कोळीवाड्यात, मंडईत, कुणाच्या तरी माळ्यावर जन्मलेलं. त्याला ब्रीडच नाही, त्यामुळे हायपोअलर्जेनिक यादीत त्याचं नाव येण्याचा प्रश्नच नाही. पण आतापर्यंत जे पाहिलं, त्यावरून एक गोष्ट लक्षात आली असेल. तुम्हाला कमी त्रास देणारं मांजर देशी असू शकतं आणि जास्त त्रास देणारं महागडं सायबेरियनही असू शकतं.

आधी स्वतःची तपासणी

मांजर शोधण्याआधी शिंका नक्की कशाच्या आहेत, हे शोधायला हवं. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

महाराष्ट्रात नाकाच्या आणि दम्याच्या अ‍ॅलर्जीची इतर कारणं भरपूर आहेत. गाद्यांमधल्या आणि उशांमधल्या धुळीत राहणारे माइट्स, पावसाळ्यात भिंतीवर येणारी बुरशी, झुरळं, काँग्रेस गवताचे परागकण. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत माइट्स आणि बुरशी दोन्ही मजेत वाढतात. मित्राकडे मांजर आहे आणि तिथे गेलं की शिंका येतात, यावरून मांजरच दोषी ठरत नाही. कदाचित त्याचा सोफा दहा वर्षांचा असेल.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे 'स्किन प्रिक टेस्ट' होते. हातावर वेगवेगळ्या अ‍ॅलर्जनचे थेंब ठेवून हलकंसं टोचतात आणि १५ ते २० मिनिटांत कुठे गांध उठते ते पाहतात. त्याआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस, ते डॉक्टर सांगतील. ही टेस्ट शक्य नसेल तर रक्तातून आयजीई तपासता येतं.

रिपोर्टमध्ये मांजर 'पॉझिटिव्ह' आलं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. काहींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असतो पण त्रास जवळजवळ नसतो. म्हणून रिपोर्ट आणि लक्षणं एकत्र पाहूनच निर्णय घ्यायचा असतो.

पण एका बाबतीत तडजोड करू नका. घरात कुणाला दमा असेल, मांजराजवळ गेल्यावर छातीत घरघर होत असेल किंवा धाप लागत असेल, तर हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. विशेषतः लहान मूल असेल तर. 'हळूहळू सवय होईल' हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. काहींना सवय होते, हे खरंही आहे. पण कुणाला होईल आणि कुणाचा दमा बळावेल, हे आधी सांगता येत नाही. अशा घरात डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय मांजर आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रीड नाही, तर निवडायचं काय?

मांजर बोका आहे की मांजरी आणि त्याची नसबंदी झालीय का, हे बघा. फेल डी १ तयार होण्यावर टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा परिणाम होतो. नसबंदी न झालेले बोके सर्वाधिक प्रथिन तयार करतात. नसबंदीनंतर त्यांची पातळी खाली येते. मांजरी आणि नसबंदी झालेले बोके, दोघंही तुलनेने बरे. याला ब्रीडच्या दाव्यांपेक्षा जास्त भक्कम आधार आहे आणि देशी मांजराच्या नसबंदीचा खर्च कुठल्याही विदेशी ब्रीडच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

पिल्लापेक्षा मोठं मांजर निवडलेलं बरं. दोन महिन्यांच्या पिल्लाजवळ बसून शिंक आली नाही, यावरून ते दीड वर्षाचं झाल्यावर काय होईल ते कळत नाही. बोक्याचं पिल्लू असेल तर वयात आल्यावर चित्र पूर्ण बदलू शकतं. मोठ्या, नसबंदी झालेल्या मांजराचं जे आहे ते समोर असतं. दत्तक देणाऱ्या संस्थांकडे अशी मोठी मांजरं कायम वाट बघत असतात, कारण सगळ्यांना पिल्लूच हवं असतं. अ‍ॅलर्जी असणाऱ्यांच्या हे पथ्यावरच पडतं.

मग त्याच एका मांजरासोबत वेळ घालवा. इथे एक चूक सर्रास होते. लोक दत्तक शिबिरात किंवा कॅट कॅफेमध्ये जाऊन अंदाज घेतात. तिथल्या हवेत दहा-वीस मांजरांचं प्रथिन मिसळलेलं असतं. तिथे शिंका आल्या म्हणून तुम्ही मांडीवर घेतलेल्या मांजराला नापास करू शकत नाही, आणि मोकळ्या मैदानातल्या शिबिरात काही झालं नाही म्हणून पासही करू शकत नाही. ते मांजर ज्या घरात एकटं राहतं, तिथे बंद खोलीत तास-दोन तास बसा. हात लावा, कुशीत घ्या. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा जा. त्या दिवशी अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन गेलात तर या सगळ्याला अर्थ नाही. अर्थात हे साध्या शिंकांपुरतं. दमा असणाऱ्यांनी असे प्रयोग स्वतःच्या मनाने करू नयेत आणि चालू औषधं बंद करू नयेत.

सगळ्यात उत्तम पर्याय म्हणजे फॉस्टरिंग. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या अनेक गटांना तात्पुरतं घर देणारी माणसं हवीच असतात. तीन-चार आठवडे मांजर सांभाळा. अ‍ॅलर्जी काहींना पहिल्या दहा मिनिटांत कळते, तर काहींना घरातल्या गाद्या-पडद्यांवर प्रथिन साठल्यावर, म्हणजे काही आठवड्यांनी. एका भेटीत हे कधीच लक्षात येत नाही.

घरात काय बदलावं लागेल?

या बाबतीत आपली घरं पाश्चात्त्य घरांपेक्षा सोयीची आहेत. फेल डी १ सर्वाधिक साठतं ते कार्पेटमध्ये. आपल्याकडे बहुतेक घरांत लादी असते आणि ती रोज पुसली जाते. फक्त कोरडा झाडू मारल्याने बसलेले कण पुन्हा हवेत उडतात, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसण्यावर भर द्या. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याने झाडू मारू नये, लिटर बॉक्स साफ करू नये आणि ब्रशही करू नये. घरात कामांची वाटणी नव्याने करायला हे चांगलं निमित्त आहे.

डॉक्टर सांगतात की बेडरूममध्ये मांजराला येऊ देऊ नका. सल्ला अगदी योग्य आहे, कारण आपण सलग सात-आठ तास तिथेच असतो. पण वन आरके किंवा वन बीएचकेमध्ये पाच माणसं राहत असतील तर बेडरूम कोणती आणि हॉल कोणता? अशा घरात निदान अ‍ॅलर्जी असलेल्याची गादी, उशी आणि पांघरूण वेगळं ठेवा. दिवसभर ते कपाटात किंवा चेन असलेल्या कव्हरमध्ये ठेवा आणि चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. जाड पडदे आणि कापडी सोफा नसेल तर उत्तम.

हवा शुद्ध करणारं हेपा फिल्टरचं यंत्र हवेतले कण कमी करतं, पण गादीत साठलेल्या प्रथिनाला ते हात लावू शकत नाही. एसीचा फिल्टर वेळच्या वेळी धुवा. बंद खोलीत तोच एसी तीच हवा फिरवत राहतो.

मांजराला आंघोळ घालून फायदा होतो का? होतो, पण काही दिवसांपुरताच. आठवडाभरात पातळी जवळपास पूर्वीइतकी होते. दर तीन दिवसांनी मांजराला बादलीत बुडवणं तुम्हालाही जमणार नाही आणि त्यालाही आवडणार नाही.

माझ्या ओळखीच्या एका मुलीने वेगळाच प्रयोग केला होता. खरंच मांजराचा त्रास होतोय का, हे बघायला तिने ते आठ दिवस नाशिकला मावशीकडे पाठवलं. शिंका थांबल्या नाहीत. 'म्हणजे मांजराची अ‍ॅलर्जी नाहीच' म्हणून ती खूश झाली. पण मांजर घरातून गेलं तरी त्याचं प्रथिन लगेच जात नाही. मांजर नसलेल्या घराइतकी पातळी खाली यायला साधारण चार ते सहा महिने लागतात. आठ दिवसांच्या विरहातून काहीच सिद्ध होत नाही. भाड्याचा फ्लॅट घेताना आधीच्या भाडेकरूकडे मांजर होतं का, हेही म्हणूनच विचारून घ्यावं.

विज्ञान कुठवर आलंय?

मांजर बदलण्याऐवजी त्याचं प्रथिनच निष्प्रभ करता येईल का, यावर गेल्या काही वर्षांत बरंच काम झालंय.

त्यातला बाजारात आलेला उपाय म्हणजे एक खास खाद्य. कोंबड्यांच्या अंड्यात फेल डी १ विरुद्धच्या अँटिबॉडी मिळतात. त्या अंड्याची पूड मांजराच्या कोरड्या खाद्यावर लावायची. मांजर चावताना ती पूड लाळेतल्या प्रथिनाला चिकटते आणि ते निकामी होतं. पुरिना कंपनीच्या संशोधकांनी १०५ मांजरांवर हे करून पाहिलं. तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय फेल डी १ सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झालं. २०२० मध्ये हे खाद्य अमेरिकेत विक्रीला आलं. अभ्यास कंपनीचाच आहे, हे लक्षात ठेवायला हवं. आणि ४७ टक्के कमी म्हणजे ५३ टक्के शिल्लक आहेच. पण हा उपाय कोणत्याही ब्रीडला, अगदी देशी मांजरालाही लागू होतो.

स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी मांजरालाच टोचायची लस तयार केली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या इनबायो या कंपनीने २०२२ मध्ये क्रिस्पर तंत्राने मांजराच्या पेशींमधलं फेल डी १ चं जनुक बंद करता येतं, हे दाखवलं. पेशींमध्ये, मांजरात नव्हे. त्यामुळे 'जीन एडिटेड कॅट' विकायला आहे असं कुणी सांगितलं तर अलर्काची गोष्ट आठवा.

माणसांसाठी अँटिहिस्टामिन गोळ्या आणि नाकातले स्प्रे आहेत. त्यापलीकडे इम्युनोथेरपी असते, ज्यात अ‍ॅलर्जनचा अगदी थोडा डोस वाढवत नेऊन शरीराला त्याची ओळख करून दिली जाते. हे उपचार काही वर्षं चालतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असतात.

नाहीच जमलं तर?

हा प्रश्न मांजर घरी आणण्याच्या आधी विचारायचा आहे.

अ‍ॅलर्जीमुळे घराबाहेर पडलेल्या मांजरांचं पुढे काय होतं, हे प्राण्यांसाठी काम करणारी माणसं सांगतील. घरात वाढलेल्या, चपट्या नाकाच्या पर्शियनला सोसायटीच्या गेटबाहेर सोडलं तर त्याला अन्न शोधता येत नाही, गाड्या आणि कुत्रे चुकवता येत नाहीत. उपाशी राहील अशा अवस्थेत प्राण्याला विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये.

म्हणून दत्तक घेताना किंवा फॉस्टर करताना सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की घरात अ‍ॅलर्जी आहे. काही संस्था नकार देतील, तो नकार रास्त समजा. काही तयार होतील आणि जमलं नाही तर मांजर आमच्याकडेच परत द्या, अशी अट दत्तकपत्रात लिहून घेतील. ती अट वाचूनच सही करा. संस्था नसेल, मांजर शेजाऱ्याकडून किंवा गावाहून आणणार असाल, तर अ‍ॅलर्जी नसलेल्या एखाद्या नातेवाइकाला किंवा मित्राला आधीच विचारून ठेवा. त्याचा होकार मिळेपर्यंत पिल्लाचं नाव ठेवू नका.